सर्व्हर गप आहे म्हणजे ठीक आहे, असं नाही

(हा भाग ऐकायला वेळ नाही किंवा कमांड पुन्हा पाहायच्या आहेत, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. कमांड मी बोललो तशाच देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये टाकताना इंग्रजी लहान अक्षरांत टाका. कुठे मोठं अक्षर लागत असेल तर तिथे तसं सांगितलं आहे.)

हेडफोन लावून बसमध्ये ऐकताय, की रात्रीचं जेवण झाल्यावर गच्चीवर? कुठेही असा, आजचा भाग थोडा कामाचा आहे. वही-पेन नसलं तरी चालेल, सगळं खाली लिहून ठेवलंय.

आजचा विषय सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी. आता सर्व्हर म्हटलं की डोळ्यांसमोर मोठमोठे डेटा सेंटर येतात. पण मी बार्शीटाकळीचा. आपल्या भागात सर्व्हर म्हणजे काय, ते मला माहीत आहे. पतसंस्थेच्या मागच्या खोलीत, टेबलाखाली, पंख्याच्या वाऱ्यात ठेवलेला एक डबा. कॉलेजच्या ऑफिसात एक, जिनिंगमध्ये एक, दवाखान्यात एक. आणि ते सगळे डबे सांभाळायला गावातला एकच पोरगा, ज्याला सगळे म्हणतात, "त्या कॉम्प्युटरवाल्याले बोलाव."

आजचा भाग त्या कॉम्प्युटरवाल्यासाठी. कारण त्या डब्यात लोकांची पिग्मीची खाती आहेत, पोरांच्या फीच्या पावत्या आहेत, पेशंटचे रिपोर्ट आहेत. मोठ्या कंपनीत काही बिघडलं तर दहा माणसं धावतात. इथे तुम्ही एकटे.

आणि आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. बाकी सगळे स्क्रिप्ट तिच्याच पोटातले. सर्व्हर गप आहे म्हणजे ठीक आहे, असं समजू नका. स्क्रिप्ट लिहिणं सोपं आहे. ती बंद पडल्यावर आपल्याला कळलं पाहिजे, खरी गंमत तिथे आहे.

गिटलॅबचं काय झालं होतं

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी गिटलॅब वापरलं असेल. ३१ जानेवारी २०१७ ची रात्र. त्यांच्या डेटाबेसवर लोड वाढला होता, दुसरा सर्व्हर मागे पडला होता. एक इंजिनियर तो पुन्हा जुळवायला बसला. दुसऱ्या सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं करायचं होतं, आणि कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं.

इथपर्यंत ठीक. माणूस आहे, रात्र आहे, होतं. पण पुढचं ऐका. बॅकअप आहे ना, म्हणून शोधायला गेले. रोजचा बॅकअप जिथे साठवला जायचा, ती जागा रिकामी! का? बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा होता. डेटाबेस ९.६ आणि बॅकअपवाला ९.२. तो रोज चालू व्हायचा आणि रोज फेल व्हायचा.

मग कोणाला कळलं कसं नाही? फेल झाल्याचा ईमेल जायचा ना! जायचा. पण तो ईमेल समोरचा मेल सर्व्हर नाकारायचा, कारण त्या मेलची ओळख पटवण्याची सेटिंग बरोबर नव्हती. म्हणजे स्क्रिप्ट ओरडत होती, पण आवाज भिंतीपलीकडे जात नव्हता.

वाचले ते नशिबानं. दुसऱ्याच कामासाठी कोणीतरी सहा तास आधी एक स्नॅपशॉट हातानं घेऊन ठेवला होता. त्यावरून परत उभं केलं. तरी मधल्या सहा तासांतले सुमारे ५००० प्रोजेक्ट, ५००० कॉमेंट आणि ७०० नवीन खाती गेली ती गेलीच. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नंतर सगळी कारणं लिहून काढली. म्हणून आज आपण त्यातून शिकू शकतो.

आता मला सांगा, एवढ्या मोठ्या कंपनीत हे होतं, तर आपल्या टेबलाखालच्या डब्याचं काय?

वीस बाइटचा बॅकअप

चला, आता हात घाण करू. बहुतेक ठिकाणी बॅकअपची स्क्रिप्ट एका ओळीची असते. मायएसक्यूएल डंप, मग पाइप, मग जीझिप, आणि फाइलचं नाव. क्रॉनमध्ये टाकली, रात्री दोन वाजता चालते, झालं काम.

नाही झालं. समजा डेटाबेसचा पासवर्ड बदलला. डंप फेल होईल. पण पाइपच्या पुढे जीझिप आहे, त्याला काहीच मिळालं नाही, त्यानं रिकामा माल इमानदारीनं पॅक केला आणि सांगितलं, "काम फत्ते." शेल शेवटच्या प्रोग्रॅमचं ऐकतो. फाइल तयार होते, तारीख बरोबर, नाव बरोबर. साइज किती? २० बाइट. रिकाम्या मालाचं जीझिप २० बाइटचं होतं. आज घरी जाऊन बॅकअपच्या फोल्डरमध्ये एलएस डॅश एल मारा आणि २० बाइटची फाइल दिसते का पाहा. दिसली तर बाकी भाग नंतर ऐका, आधी ते दुरुस्त करा.

आता चांगली स्क्रिप्ट कशी असते, ते ओळीओळीनं सांगतो.

पहिली गोष्ट, वरतीच लिहायचं: सेट, स्पेस, डॅश ई यू ओ, स्पेस, पाइपफेल. यात ई म्हणजे कुठलीही ओळ फेल झाली तर तिथेच थांब. यू म्हणजे ज्या व्हेरिएबलला किंमतच दिली नाही, ते वापरलं तर थांब. हे यू फार मोलाचं आहे. समजा तुम्ही आरएम डॅश आरएफ पुढे फोल्डरचं व्हेरिएबल आणि स्लॅश-स्टार लिहिलंय, आणि नावाच्या स्पेलिंगमध्ये घोळ झाला, तर उरतं काय? नुसता स्लॅश आणि स्टार. पुढचं सांगायची गरज नाही. आणि पाइपफेल म्हणजे पाइपमधला कोणीही पडला तर सगळं पडलं असं धर. २० बाइटवाली भानगड इथेच पकडली जाते.

दुसरी गोष्ट. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर जात असेल तर ती डिस्क लागली आहे का, ते आधी विचारा: माउंटपॉइंट, डॅश क्यू, आणि फोल्डरचा पत्ता. डिस्क निघालेली असेल तरी तिचं रिकामं फोल्डर तिथेच असतं. मग तुमचा बॅकअप मुख्य डिस्कवरच साचत जातो आणि एक दिवस सर्व्हर भरतो. आरसिंकला डॅश डॅश डिलीट लावून वापरत असाल तर ही ओळ विसरूच नका. मूळ डिस्क निघालेली असली तर आरसिंक म्हणेल, "इथे काहीच नाही, म्हणजे तिथलंही पुसायचं." आणि पुसेल.

तिसरी गोष्ट. फाइल आधी तात्पुरत्या नावानं बनवा, शेवटी डॉट टीएमपी. सगळ्या तपासण्या झाल्या की मगच एमव्ही करून खरं नाव द्या. म्हणजे खऱ्या नावाची फाइल दिसली की ती पूर्णच असणार.

चौथी गोष्ट, तपासण्या. तीन करा. जीझिप डॅश टी, म्हणजे पॅकिंग फाटलेलं नाही. दुसरी, साइज कालच्या निम्म्यापेक्षा कमी असेल तर थांबा आणि कळवा. तिसरी माझ्या आवडीची. मायएसक्यूएल डंप पूर्ण झाला की शेवटच्या ओळीत स्वतःच लिहितो, "डंप कम्प्लीटेड", तारखेसकट. झेडकॅट करून टेल डॅश एन १ मध्ये ती ओळ शोधा. नसेल तर डंप अर्ध्यात तुटलाय.

क्रॉनबद्दल दोन बारीक गोष्टी, ज्यात भलेभले अडकतात. क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं की क्रॉन तिथेच ओळ तोडतो. तारखेचं नाव द्यायला आपण टक्का वापरतोच. म्हणून ते सगळं स्क्रिप्टच्या आत ठेवा, क्रॉनमध्ये फक्त स्क्रिप्टचा पत्ता. आणि पुढे एफलॉक डॅश एन लावा, म्हणजे कालची स्क्रिप्ट अजून चालूच असेल तर आजची तिच्या उरावर बसणार नाही.

गुरख्याची शिट्टी

आता मूळ मुद्दा. हे सगळं फेल झालं तर कळणार कसं? ईमेल पाठवू? गिटलॅबचं ऐकलंत ना. शिवाय वीजच गेली असेल, नेटच तुटलं असेल, क्रॉनच बंद असेल तर ईमेल पाठवणार कोण? मेलेला माणूस "मी मेलो" असं सांगायला येत नाही, बाप्पा!

म्हणून पद्धत उलटी करायची. पूर्वी कॉलनीत रात्रीचा गुरखा यायचा, काठी आपटत, शिट्टी वाजवत. शिट्टी ऐकू आली की आपण कूस बदलून झोपायचो. चोर आला की तो शिट्टी वाजवेल, असा तो हिशेब नव्हता. शिट्टी आली नाही तर काहीतरी गडबड आहे, असा हिशेब होता.

सर्व्हरचं तसंच करा. स्क्रिप्टच्या अगदी शेवटच्या ओळीत, सगळं नीट झालं तरच, कर्लनं बाहेरच्या एका पत्त्याला हाक मारायची. ती शिट्टी. बाहेरचा तो पहारेकरी वाट बघतो. २५ तासांत शिट्टी आली नाही, की तो तुमच्या फोनवर मेसेज टाकतो. यासाठी हेल्थचेक्स नावाचं ओपन सोर्स साधन आहे. त्यांची सेवा वापरा किंवा दुसऱ्या ठिकाणच्या एखाद्या छोट्या मशीनवर स्वतः बसवा. अट एकच, पहारेकरी त्याच इमारतीत नको.

हीच पद्धत एसएसएल सर्टिफिकेटला लावा. लेट्स एन्क्रिप्टचं फुकटातलं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. मुदत संपत आली की त्यांचा ईमेल यायचा. ते ईमेल त्यांनी ४ जून २०२५ पासून बंद केले. म्हणजे जे त्या ईमेलच्या भरवशावर होते, त्यांच्याकडे आता शांतता आहे आणि त्यांना वाटतंय सगळं ठीक आहे. आणखी एक गोम. सर्टबॉट नवीन सर्टिफिकेट आणतो, पण एनजिनएक्स रीलोड झाला नाही तर तो जुनंच वाटत बसतो. म्हणून डिप्लॉय हूकमध्ये रीलोड टाका. आणि फाइल तपासू नका, चालू साइटला बाहेरून विचारा. ओपनएसएसएलनं सर्टिफिकेट घ्या आणि डॅश चेकएंड १२०९६०० लावा. तेवढे सेकंद म्हणजे १४ दिवस. मुदत त्याआधी संपणार असेल तर तो तक्रार करतो.

बाहेरून विचारणं का महत्त्वाचं, त्याचं आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण आहे. पुण्याची कॉसमॉस बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून हजारो व्यवहार झाले, कोट्यवधी रुपये निघाले. १३ तारखेला स्विफ्टमधून आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण सुमारे ९४ कोटी. चोरांनी काय केलं होतं? एटीएमकडून "पैसे देऊ का" असा प्रश्न येतो, तो बँकेच्या मुख्य सिस्टिमपर्यंत पोहोचतो आणि उत्तर येतं. चोरांनी मध्ये खोटा स्विच उभा केला. तोच "द्या, द्या" म्हणत राहिला. मुख्य सिस्टिमला कोणी काही विचारलंच नाही. मग ती बोलणार काय?

आपला डबा बँकेएवढा नाही. पण धडा तोच आहे. यंत्रणेनं स्वतःबद्दल दिलेली साक्ष पुरत नाही. दुसऱ्या बाजूनं मोजणारं कोणीतरी पाहिजे. पतसंस्थेत रोज संध्याकाळी एक छोटी स्क्रिप्ट चालवा: आजच्या पावत्या किती, आणि पावती पुस्तकाचा शेवटचा नंबर किती. फरक दिसला की मॅनेजरला मेसेज. दहा ओळींचं काम आहे.

आपला उन्हाळा आणि आपली लाइट

आता खास वऱ्हाडी विषय. इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये हे सापडणार नाही.

मे २०२४ आठवतो? अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला आणि जिल्हा प्रशासनानं ३१ मे पर्यंत कलम १४४ लावलं. कामगारांना पाणी-पंखा द्या, कोचिंग क्लास दुपारी घेऊ नका, असे आदेश निघाले. माणसांसाठी आदेश निघाला. टेबलाखालच्या डब्यासाठी कोणी काढला? संध्याकाळी ऑफिस बंद, पंखा बंद, खिडक्या बंद, आणि डबा मात्र आत चालूच.

साध्या हार्ड डिस्कला कंपनीनं दिलेली मर्यादा बहुतेक वेळा ६० अंशांच्या आसपास असते. बंद खोलीत ४५ च्या उन्हाळ्यात ती किती लांब आहे, तुम्हीच सांगा. स्मार्टसीटीएल, डॅश ए हे मोठं ए, आणि डिस्कचं नाव. त्यात तापमान दिसतं. दर दहा मिनिटांनी ते फाइलमध्ये लिहा, ५५ च्या वर गेलं तर फोनवर मेसेज. त्याच यादीत "रीअलोकेटेड सेक्टर" नावाची ओळ आहे. तो आकडा वाढायला लागला की डिस्क नवीन आणायची, पुढच्या महिन्यात नाही, याच आठवड्यात. आणि कूलर सर्व्हरच्या तोंडावर सोडू नका. ती हवा थंड असते, पण ओली असते.

दुसरं म्हणजे लाइट. यूपीएसला यूएसबी केबल असेल तर एपीसीयूपीएसडी किंवा नट बसवा. एपीसीयूपीएसडीची मूळ सेटिंग बघा: बॅटरी ५ टक्के किंवा ३ मिनिटं उरली की बंद करायचं. हे नव्या बॅटरीला ठीक आहे. आपल्या उन्हात लेड-अॅसिड बॅटरी लवकर म्हातारी होते. ढोबळ हिशेब असा, २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं. म्हातारी बॅटरी ४० टक्के दाखवते आणि धाडकन पडते. म्हणून ५० टक्के आणि १० मिनिटं ठेवा.

आणि साधा इन्व्हर्टर असेल, केबलच नसेल तर? एक जुगाड सांगतो. घरात पडलेले दोन जुने राउटर घ्या. ते इन्व्हर्टरवर न लावता थेट भिंतीच्या लाइटवर लावा, दोन वेगळ्या बोर्डांवर. ज्या स्विचमधून सर्व्हरला नेटवर्क जातं, तो मात्र इन्व्हर्टरवर. सर्व्हर दर मिनिटाला दोन्ही राउटरना पिंग करेल. दोघंही सलग पाच मिनिटं गप, म्हणजे लाइट गेली. मग डेटाबेस नीट बंद करून शटडाउन. दोन राउटर काहून? कारण एकच ठेवला आणि तोच खराब झाला, तर भर लाइटमध्ये सर्व्हर झोपायचा. आणि बायोसमध्ये "लाइट आल्यावर चालू हो" ही सेटिंग तपासा, नाहीतर रविवारी कुलूप उघडायला तुम्हालाच जावं लागेल.

लांबून काम करताना

शेवटची टीप, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला असून गावाकडचा सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी. फायरवॉल बदलताना स्वतःलाच बाहेर कोंडून घेण्याची भीती असते. म्हणून आधी परतीचं तिकीट काढून ठेवा. अॅट नावाची कमांड आहे. तिला सांगा, दहा मिनिटांनी यूएफडब्ल्यू डिसेबल कर. मग बदल करा. नवीन खिडकीतून लॉगिन झालं तर अॅटक्यूनं नंबर बघून अॅटआरएमनं ते काम रद्द करा. नाही झालं तर दहा मिनिटं चहा घ्या, दार आपोआप उघडेल.

एसएसएचमध्ये पासवर्ड बंद केला म्हणता, पण खरंच झाला का? उबुंटूमध्ये मुख्य फाइलशिवाय एक वेगळं फोल्डर असतं, आणि त्यात क्लाउड-इनिटची फाइल पासवर्ड चालू ठेवू शकते. तिचं आधी ऐकलं जातं. म्हणून फाइल वाचू नका, एसएसएचडीलाच विचारा: एसएसएचडी, डॅश टी, हे मोठं टी. तो प्रत्यक्षात काय लागू आहे ते छापतो. त्यात "पासवर्ड ऑथेंटिकेशन नो" दिसलं तरच नो.

आज रात्रीचा गृहपाठ

एवढं सगळं एका दिवसात करू नका. आज रात्री तीनच गोष्टी करा.

एक, बॅकअपच्या फाइलींची साइज बघा. दोन, स्क्रिप्टमध्ये पाइपफेल टाका आणि शेवटी शिट्टी लावा. तीन, येत्या रविवारी एक बॅकअप उघडून परत उभा करा. पण दुसऱ्या मशीनवर, बरं का! डंप घेताना डॅश डॅश डेटाबेसेस लावलं असेल तर फाइलमध्येच मूळ डेटाबेसचं नाव लिहिलेलं असतं. चालू सर्व्हरवर चाचणी करायला गेलात तर कालचा डेटा आजच्यावर जाऊन बसेल. उभा केल्यावर एकच प्रश्न विचारा: शेवटची पावती कोणती? ती कागदावरच्या पुस्तकाशी जुळली, तर तुमच्याकडे बॅकअप आहे. तोपर्यंत नुसती एक फाइल आहे.

आणि संस्थाचालक कोणी ऐकत असतील तर त्यांना एक विनंती. तुमचा कॉम्प्युटरवाला पोरगा दोन हजाराची डिस्क किंवा नवीन बॅटरी मागतो, तेव्हा "आतापर्यंत काही झालं का?" असं विचारू नका. काही झालं नाही, हे त्याला कळलं कसं, ते विचारा. त्याच्याकडे उत्तर असेल तर पोरगा कामाचा आहे, डिस्क घेऊन द्या. उत्तर नसेल तर त्याला हा भाग पाठवा.

तुमच्याकडे अशी एखादी स्क्रिप्ट असेल, आपल्या भागातल्या अडचणीवर काढलेली, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात वाजवू. डिस्क भरल्यावर नेमकं कुठे शोधायचं, आणि फाइल पुसली तरी जागा का सुटत नाही, हा पुढचा विषय.

चला, भेटू. काळजी घ्या, पाणी प्या, आणि सर्व्हरची शिट्टी ऐकत राहा!